कर जळगावात, मालक परदेशात. मग हक्क कुठे?

भुसावळच्या रेल्वेने आणि वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणीने खान्देशातील आपल्या एका अख्ख्या पिढीला उभे केले. गावकीची कामे सोडून बाहेर पडलेला आपला माणूस खलाशी झाला, गँगमन झाला, फिटर झाला. त्याच्या हातात पहिल्यांदा पगाराची चिठ्ठी आली. त्या चिठ्ठीवर कपात दिसायची: प्रॉव्हिडंट फंड इतका, कर इतका. कपातीचा राग यायचा, पण तीच चिठ्ठी दाखवून घराचे कर्ज मिळायचे, आजारपणात रेल्वेचा दवाखाना मिळायचा आणि निवृत्तीनंतर पेन्शन मिळायची. पुढची पिढी त्याच चिठ्ठीच्या जोरावर शिकली, शिक्षक झाली, बँकेत गेली.

आता तिसरी पिढी जळगाव, धुळे, शिरपूर, बांभोरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडते आहे. सरकारी भरती आटली. खाजगीकरणाने आरक्षणाच्या जागा गिळल्या. पुण्यात जाऊन खोली घेऊन राहणे परवडत नाही. यातल्या काही मुलामुलींनी घरातच टेबल टाकले आहे आणि अमेरिका, इंग्लंड, दुबई, सिंगापूरच्या कंपन्यांचे काम ते इथून करतात. पगार डॉलरमध्ये ठरतो आणि रुपयांत बँकेत जमा होतो. या मुलांचे आम्हाला कौतुक आहे. परंतु या पगाराला चिठ्ठी नाही, कपात नाही, फॉर्म १६ नाही, आणि त्याबरोबर आपल्या बापजाद्यांनी झगडून मिळवलेले दुसरेही बरेच काही नाही. त्याचा हिशोब मांडण्याची वेळ आली आहे.

आधी कराचे पाहू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. 'पैसा परदेशातून आला म्हणजे करमुक्त', 'दुबईत कर नाही म्हणून दुबईच्या कंपनीचा पगारही करमुक्त', 'कंपनीने कापला नाही म्हणजे भरायचा नाही' ही तिन्ही वाक्ये आमच्या कानावर वारंवार येतात. तिन्ही चूक आहेत. जो माणूस आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहिला, तो करापुरता भारताचा निवासी. निवासी माणसाचे जगात कुठेही मिळालेले उत्पन्न भारतात करपात्र असते. हे १९६१ च्या आयकर कायद्यात होते आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू असलेल्या २०२५ च्या नव्या कायद्यातही तेच तत्त्व आहे. मालक कोणत्या देशाचा, पगार कोणत्या चलनात, यावर कर ठरत नाही. कर विचारतो एकच, तू राहतोस कुठे? जळगावात राहणाऱ्याचे उत्तर जळगावच असणार.

करोनाच्या काळात हा प्रश्न हजारो घरांत शिरला. मार्च २०२० मध्ये विमाने बंद झाली. आखातातून, अमेरिकेतून सुट्टीवर आलेली माणसे इथे अडकली आणि गावातूनच परदेशी मालकाचे काम करू लागली. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मे २०२० मध्ये परिपत्रक काढून २०१९-२० या वर्षापुरते २२ ते ३१ मार्च हे दिवस अशा माणसांच्या मुक्कामात धरायचे नाहीत, असे सांगितले. पण पुढच्या वर्षी ती मेहेरबानी नव्हती. ३ मार्च २०२१ च्या परिपत्रकाने सरसकट सवलत नाकारली आणि ज्याला दोन्ही देशांत कर पडतो त्याने वेगळा अर्ज करावा, एवढेच म्हटले. धडा स्पष्ट होता. माणूस नाइलाजाने इथे राहिला तरी कायदा दिवस मोजतो. मग वर्षभर स्वतःच्या घरात बसून काम करणाऱ्याला पळवाट कुठून मिळणार?

दोन देशांत कर पडण्याची भीतीही अनेकांना असते. अमेरिकेसह बहुतेक मोठ्या देशांशी भारताचे दुहेरी कर टाळण्याचे करार आहेत. काम भारतात बसून केले असेल तर साधारणपणे त्या पगारावर तिकडे कर लागत नाही. काही कारणाने तिकडे कर कापला गेला आणि तो करारानुसार योग्य असेल, तर वेगळा फॉर्म भरून त्याची वजावट इथे मागता येते. मात्र पगार परदेशी खात्यात किंवा परदेशी ऑनलाइन वॉलेटमध्ये पडून राहिला, किंवा कंपनीने आपले शेअर दिले, तर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात ते दाखवावे लागते. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात ते न दाखवल्याबद्दल १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या स्थावराखेरीज इतर मालमत्तेला या दंडातून वगळले आहे. पण दाखवण्याचे बंधन गेलेले नाही. देशोदेशीच्या बँका आता खात्यांची माहिती आपल्या सरकारला पाठवतात. आपल्या प्रामाणिक पोराने अज्ञानापोटी काळा पैसेवाल्यांच्या यादीत बसावे, हे आम्हाला मान्य नाही.

भारतात कार्यालय नसलेली कंपनी सहसा इथला टॅन क्रमांक घेत नाही आणि टीडीएस कापत नाही. म्हणून मालकाच्या लेखापालाने करायचे काम नोकराच्या डोक्यावर येते. वर्षाचा देय कर १०,००० रुपये किंवा अधिक होत असेल तर तो आगाऊ भरायचा: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत सगळा. चुकले तर महिन्याला १ टक्का दराने व्याज. कर शून्य येत असला तरी नव्या प्रणालीत उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की विवरणपत्र भरावेच लागते. उशिराला ५,००० रुपयांपर्यंत शुल्क आहे.

आता खरा मुद्दा. परदेशी कंपनी मुलाला कागद पाठवते त्यावर 'नोकर' असा शब्द बहुधा नसतोच. तिथे असतो 'स्वतंत्र कंत्राटदार'. मुलगा खूश होतो, कारण कोणीतरी त्याला सांगितलेले असते की कंत्राटदाराला कर कमी. आयकर कायद्यात ठरावीक व्यवसायांसाठी अंदाजित उत्पन्नाची सवलत आहे. जुन्या कायद्याचे कलम ४४एडीए म्हणून ती प्रसिद्ध आहे आणि नव्या कायद्यातही क्रमांक बदलून ती कायम आहे. जमा रकमेच्या किमान निम्मे उत्पन्न दाखवायचे, उरलेले खर्च म्हणून सोडून दिले जाते. आणि आगाऊ कर एकदाच, १५ मार्चपर्यंत. मर्यादा ५० लाख, रोखीचा व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. माहिती तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला हे व्यवसाय त्यात येतात. संगणकासमोर बसणारा प्रत्येकजण आपोआप त्यात बसत नाही, हेही लक्षात ठेवावे.

पण फायदा नेमका किती, हे कोणी मांडून दाखवत नाही. आम्ही २०२५-२६ या वर्षाच्या नव्या करप्रणालीच्या दराने मांडतो. महिन्याला १ लाख, म्हणजे वर्षाला १२ लाख मिळवणारा मुलगा घ्या. तो नोकर म्हणून दाखवला तर ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन ११ लाख २५ हजार उरतात आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट असल्याने कर शून्य. तोच कंत्राटदार म्हणून दाखवला तर ६ लाख उत्पन्न, कर शून्य. शून्यातून शून्य गेले, वाचले काय? खान्देशात बसून काम करणाऱ्या नवख्या मुलांपैकी बहुतेकांची कमाई या रेषेच्या आतच असणार. त्यांनी करासाठी 'कंत्राटदार' होण्याचे काहीही कारण नाही. गमावतात मात्र सगळे.

आता वर्षाला २४ लाख मिळवणारा घ्या. नोकर म्हणून त्याला उपकरासह २ लाख ९२ हजार ५०० रुपये कर लागतो. कंत्राटदार म्हणून निम्मे म्हणजे १२ लाख उत्पन्न दाखवले तर शून्य. ही बचत खरी आहे आणि मोह इथेच आहे. पण त्याला २० लाखांची मर्यादा ओलांडल्यामुळे जीएसटीची नोंदणी लागते; सेवा निर्यातीवर कराचा दर शून्य असला तरी नोंदणी, हमीपत्र आणि विवरणे चुकत नाहीत. शिवाय कागदावर कंत्राटदार, पण प्रत्यक्षात एकच मालक, ठरलेले तास, ठरलेला पगार, रजेसाठी परवानगी, कामावर देखरेख, असे असेल तर कर अधिकारी ते उत्पन्न पगार ठरवू शकतो. मग कर, व्याज आणि दंड. चुकीची माहिती दिली असे ठरले तर दंड बुडालेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो.

आणि या बचतीची किंमत काय? प्रॉव्हिडंट फंडात मालकाचा १२ टक्के वाटा नाही. ग्रॅच्युइटी नाही. भरपगारी रजा नाही. मुलगी असेल तर प्रसूतीची रजा नाही. कामावरून काढताना नोटीस नाही. सकाळी ईमेल येतो आणि दुपारी लॉगिन बंद. दाद मागायची तर करारात लिहिलेले असते की वाद सिंगापूर किंवा लंडनच्या न्यायालयात. धुळ्याच्या मुलाने लंडनला वकील लावायचा? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र, मुदतीच्या नोकरालाही वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी असे त्यात आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवर काम करणाऱ्या गिग कामगारांचाही उल्लेख आहे. पण ज्या मालकाची भारतात कचेरी नाही, नोंदणी नाही, त्याच्यापर्यंत व्यवहारात या संहितांचा हात पोचत नाही.

म्हणजे स्थिती अशी आहे. कर कायदा माणूस शोधतो आणि तो त्याला जळगावात सापडतो. कामगार कायदा मालक शोधतो आणि तो त्याला कुठेच सापडत नाही. एकाच देशाचे दोन कायदे. घेणारा घरापर्यंत येतो आणि देणारा सीमेवर थांबतो. आमची तक्रार कर घेण्याबद्दल नाही. या एका डोळ्याने पाहण्याबद्दल आहे.

कागदावरच्या शब्दाने नाते ठरत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी सांगितले आहे. १९५६ साली धरंगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मिठागरात राबणाऱ्या अगरिया मजुरांबद्दल कंपनीचे म्हणणे होते की हे आमचे नोकर नाहीत, हे स्वतंत्र कंत्राटदार. न्यायालयाने काम कसे करायचे यावर ताबा कोणाचा, हे पाहिले आणि अगरियांना कामगार ठरवले. १९७८ साली हुसेनभाई खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांनी मध्ये कंत्राटदारांचा पडदा असला तरी पडद्यामागचा खरा मालक शोधला. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली उबरच्या चालकांना कामगार मानले. मिठागरातल्या अगरियाला जो शब्द चिकटवला जात होता, तोच आज लॅपटॉपवरच्या अभियंत्याला चिकटवला जातो. फरक इतकाच की अगरियाला तो नको होता आणि आपला पोरगा तो हौसेने घेतो.

बाबासाहेबांनी कराचा आणि हक्काचा विचार कधी वेगळा केला नाही. १९२७ च्या फेब्रुवारीत मुंबई विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी विचारले होते की आयकर उत्पन्न झाले तरच द्यावा लागतो, मग शेतकऱ्याला पीक बुडाले तरी सारा का? देण्याची ऐपत हा करन्यायाचा पाया त्यांनी तेव्हा मांडला. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी हा भार मालकाने आणि सरकारने उचलला पाहिजे अशी भूमिका घेतली. खान्देशच्या वेशीवर मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे बजावले. भुसावळच्या आपल्या आजोबांना ते शब्द कोणी समजावून सांगावे लागले नाहीत.

आजच्या मुलांना वाटते की परदेशी मालक आडनाव पाहत नाही, म्हणजे पहिला शत्रू संपला. काही अंशी हे खरे आहे आणि त्याचा आनंदही आहे. परंतु कॅलिफोर्नियात २०२० साली एका बड्या कंपनीवर राज्य सरकारच्याच खात्याने जातिभेदाचा दावा लावला आणि सिएटल शहराला २०२३ साली जातिभेदबंदीचा कायदा करावा लागला, हे विसरू नये. आणि पहिला शत्रू दूर राहिला असे धरले तरी दुसरा तर थेट घरातल्या टेबलावर येऊन बसला आहे!

मग कोणी म्हणेल, सरकार काही देत नाही तर कर का भरायचा? या विचाराला चळवळीत थारा नसावा. ज्या शिष्यवृत्तीवर हा मुलगा शिकला, ज्या समाजकल्याणच्या वसतिगृहात तो राहिला, ते सगळे सार्वजनिक पैशातून आले. केंद्राने गोळा केलेल्या आयकराचा वाटा वित्त आयोगाच्या शिफारशीने राज्यांना मिळतो. केंद्राने गोळा करायचे आणि प्रांतांनी खर्च करायचे, या व्यवहाराचा इतिहास बाबासाहेबांनी १९२५ सालीच ग्रंथरूपाने मांडला होता. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला तेव्हा खुद्द खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. आपल्या हक्काच्या पैशाचे काय झाले हे विचारण्याचा नैतिक अधिकार कर भरणाऱ्याच्या शब्दाला अधिक धार देतो. चोरून ठेवणारा माणूस मोर्चात मोठ्याने बोलू शकत नाही.

म्हणून कर पूर्ण भरायचा आणि हक्क पूर्ण मागायचे, ही आमची भूमिका आहे. मागण्या अशा. भारतातील निवासी माणसाला नियमित कामावर ठेवणाऱ्या परदेशी मालकासाठी कचेरी न थाटताही टीडीएस आणि प्रॉव्हिडंट फंड भरता येईल अशी सोपी ऑनलाइन नोंदणी सरकारने द्यावी आणि ती बंधनकारक करावी. एकाच मालकाचे काम करणाऱ्याला, कागदावर शब्द काहीही असो, कामगार धरण्याची कसोटी सामाजिक सुरक्षा संहितेच्या नियमांत लिहावी. दुहेरी कर टाळण्याचे करार जसे होतात तसे सामाजिक सुरक्षेचे करार अशा कामगारांनाही लागू व्हावेत. आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकरदात्याला अटल पेन्शन योजनेचे दार बंद झाले आहे; ज्याला मालकाचा प्रॉव्हिडंट फंड नाही त्याच्यासाठी दुसरे दार उघडावे.

सरकार ऐकेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. करारावर सही करण्यापूर्वी तो जाणकाराला दाखवा. भारतातील मध्यस्थ संस्थेमार्फत पगारपत्रकावर घेण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. तीत पगाराची चिठ्ठी, टीडीएस आणि प्रॉव्हिडंट फंड मिळतो. कंपनीकडे ती आधी मागा. नाहीच मिळाली तर निदान नोटीसीची मुदत, भरपगारी रजा आणि प्रसूती रजा करारात लिहून घ्या, आणि या न मिळणाऱ्या हक्कांची किंमत पगारात धरा. करार, प्रत्येक महिन्याचे बिल, परदेशी रक्कम जमा झाल्याचा बँकेचा दाखला, सूचनांचे ईमेल जपून ठेवा. हेच कागद उद्या कर अधिकाऱ्यासमोर आणि न्यायालयासमोर तुमचे साक्षीदार आहेत. फॉर्म १६ नसेल तेव्हा घराच्या कर्जासाठी बँक विवरणपत्रेच पाहते. तीन वर्षांची नियमित विवरणपत्रे ही आता तुमची पगाराची चिठ्ठी.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत: शक्ती पाहून काम द्यावे, वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा कामगार कायदा आजच्या परदेशी करारपत्रात सापडत नाही. त्याच सुत्तात गृहस्थाला सांगितले आहे की कमाईचे चार भाग करावे आणि चौथा भाग अडचणीच्या दिवसासाठी राखावा. ज्याच्यामागे मालकाचा फंड नाही त्याने हे शब्दशः पाळावे. सम्यक आजीविका म्हणजे केवळ दारू-शस्त्रे न विकणे नव्हे. कमाईचा हिशोब चोख ठेवणे आणि श्रमाचा मान न विकणे हेही तीत येते.

१९३७ साली कोर्टाच्या कामासाठी धुळ्यात आलेले बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. त्या स्मृतीसाठी दरवर्षी ३१ जुलैला हजारो भीमसैनिक तिथे जमतात. पगारदारांच्या विवरणपत्राची नेहमीची शेवटची तारीखही ३१ जुलैच आहे. आमची सूचना साधी आहे. जूनपासून जळगाव, भुसावळ, धुळे येथील विहारांतून आपल्या वकिलांनी आणि कर सल्लागारांनी रविवारी दोन तास बसावे; मुलांचे करार वाचावेत, विवरणपत्रे भरून द्यावीत. आणि त्या वर्षी किती मुलांच्या हाती नियुक्तीपत्र आहे आणि किती जण नावापुरते कंत्राटदार आहेत, याची नोंद करून ती लांडोर बंगल्यावर समाजासमोर मांडावी. आकडे हाती आले तर मागणीला कोणी हवेतली म्हणणार नाही. भुसावळच्या खलाशाने संघटना करूनच पगाराची चिठ्ठी मिळवली होती. त्याच्या नातवाला ती परत मिळवायची असेल तर एकेकट्याने टेबलापाशी बसून भागणार नाही.

जयभीम!